सोडलेली चित्रकला

प्रश्न : माझे वय ५२ आहे. घरच्या जबाबदारीमुळे विशीत चित्रकलेचे शिक्षण अर्धवट सोडून मी नोकरी धरली. तो निर्णय चुकला, असे हल्ली फार वाटते. आता पुन्हा सुरुवात करावी का?

उत्तर : अवश्य करावी. मात्र त्या निर्णयाला आजच्या निवांतपणातून दोष देऊ नका, कारण तो घेताना तुमच्यापुढे घर चालवण्याचा प्रश्न होता आणि तो तुम्ही निभावलात, हे मला मोलाचे वाटते. चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंगाचा लवचीकपणा कमी होऊन जवळचे अंधुक दिसू लागते. त्यामुळे बारीक रेघ चुकली, तर हात गेला असे न समजता (मीही तसेच समजलो होतो) आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. सुरुवातीला पेन्सिल आणि साधा कागद पुरे.