भेरूघाटात झटके: इंजेक्टर बदलण्याआधी कॉइलची जागा बदलून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१६ ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. इंदूर शहरात ठीक चालते, पण ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके, पिकअप गायब आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. गॅरेजवाल्याने "भिया, पंप गया" म्हणून पेट्रोलचा पंप बदलला, फरक शून्य. आता म्हणतो, पेट्रोलचे इंजेक्टर बदला.

आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "पेट्रोलवर टाकली की त्रास जवळजवळ थांबतो." अहो, अर्धं उत्तर त्याच ओळीत आहे! सीएनजीवर गाडी चालते तेव्हा पेट्रोलचा पंप आणि पेट्रोलचे इंजेक्टर इंजिनाला काही देतच नाहीत. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके असतील तर पेट्रोलच्या लाइनीवर पैसे घालायचं कारणच काय?

सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणजे ठिणगीला उडी मारणं आणखी कठीण. झिजून टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, वाढलेला प्लग किंवा त्या प्लगला व्होल्टेज पुरवणारी, पण थकलेली कॉइल पेट्रोलवर, सपाट रस्त्यावर निभावून नेते. घाटात गॅसवर उघडी पडते. म्हणून माझा पहिला संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांवर. दुसरा गॅसच्या फिल्टरवर आणि गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरवर, कारण चढावर गॅस कमी पडला तरी लक्षणं अशीच दिसतात.

दोन्हीतलं कोणतं, ते कोड सांगेल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यातला एकच कोड आला तर त्या नंबरच्या सिलिंडरात मिसिंग आहे, म्हणजे तिथलं मिश्रण नीट पेटत नाही. पी०३०० आला, म्हणजे कधी हा कधी तो, तर आधी गॅसचा फिल्टर आणि प्रेशर तपासून घ्या. ते काम मात्र सीएनजी किटवाल्याचंच, घरी हात लावू नका.

समजा पी०३०२ आला. इंजिन पूर्ण गार असताना, चावी काढून, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. दहाचा पाना आणि दहा मिनिटं. कोड पुसा, पुन्हा चढावर न्या. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी, तेवढी एकच घ्या. पी०३०२ च राहिला तर हाच खेळ प्लगवर करा. प्लगही हलवून कोड तिथेच बसला, तर त्या सिलिंडरचा गॅस इंजेक्टर बघायचा. कंप्रेशनची, म्हणजे सिलिंडर दाब धरतो की नाही याची, काळजी मी सध्या करणार नाही, पेट्रोलवर गाडी नीट ओढते आहे ना.

कॉइल बाहेर काढाल तेव्हा प्लगवर बसणारं तिचं रबरी बूट उजेडात फिरवून बघा. माझ्या जुन्या गाडीने एका पावसाळ्यात असाच जीव खाल्ला होता. इकडच्याच एका गॅरेजात पंप झाला, थ्रॉटल बॉडी साफ झाली, बिल वाढत गेलं. शेवटी रामबागेतल्या घरी ओट्यावर बसून बूट पुसलं, तर आतून शिसपेन्सिलीने ओढावी तशी बारीक करडी रेघ, वरपासून खालपर्यंत. ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या रेघेने बाजूला पळत होती. प्लगच्या सिरॅमिकवरही तिच्याच जोडीची रेघ होती. अशी रेघ दिसली तर बूट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदललात तर जुन्यावरची रेघ नव्यालाही बिघडवते. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचे सील गेलेत, ते केल्याशिवाय नवं बूटही टिकणार नाही.

प्लगचा गॅप फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. दुकानदाराच्या "सब में यही लगता है" वर जाऊ नका. परत बसवताना प्लग आधी हाताने फिरवा, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर स्वस्तातलं काम महागात पडतं.

तोवर एक पाळा. दिवा लुकलुकायला लागला की पाय सोडा आणि पेट्रोलवर घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग या सगळ्या कॉइलांपेक्षा कितीतरी महाग आहे.

प्लग काढलेत की चौघांवर मार्करने नंबर टाका, त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि टोकांचा जवळून फोटो इथे टाका. रंग बघून पुढचं सांगतो.