‘वर्षभरच जायचंय’ असं सांगून ठेवलंय, आता काय करू?

प्रश्न : ताई, मे महिन्याच्या शेवटी आम्ही डोंबिवलीहून बडोद्याला आलो. यजमानांची बदली कायमची आहे. गोत्रीला फ्लॅट घेतलाय, डोंबिवलीचा विकायला काढलाय. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. मुलगा पाच वर्षांचा. निघताना मुलगी इतकी रडली की समजूत काढायला मी ‘वर्षभरच जायचंय गं’ असं म्हणून गेले. घर विकतोय हे तिला माहीत नाही. आता नवरात्र तोंडावर आलं तरी तिने तिची खोकी उघडलेली नाहीत. लागतील तेवढे कपडे वरच्यावर काढते. आधी पुस्तकांत डोकं घालून बसायची, ती पुस्तकंही खोक्यातच. शाळेतून आली की डोंबिवलीच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल. ‘गुजराती मला कशाला शिकायचंय?’ म्हणते. मुलाचं अंथरूण ओलं करणं तिसऱ्या वर्षीच सुटलं होतं, ते परत सुरू झालंय. सासूबाई म्हणतात, मुलं आहेत, रमतील आपोआप. माझी बहीण म्हणते, तिला माझ्याकडे पाठव, दहावीपर्यंत जुन्याच शाळेत शिकू दे. माझंच मन इथे लागत नाही, तिला काय समजावू?
— एक आई, गोत्री

उत्तर : तुमची मुलगी हट्ट करत नाहीये. ती तुमच्या शब्दाला धरून वागतेय. वर्षभराने परत जायचं असेल तर खोकी कशाला उपसायची? नव्या मैत्रिणी कशाला जोडायच्या, नवी लिपी कशाला गिरवायची? तुमची कंपनी तुम्हाला म्हणाली असती की जूनमध्ये परत पाठवतो, तर तुम्हीही भिंतीत खिळे ठोकले नसते. तेव्हा तिला समजावायचं काय, हा प्रश्न नंतरचा. आधी तिला खरं काय ते कळायला हवं, आणि ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. घर विक्रीला काढलंय म्हणजे खालच्या वॉचमनला माहीत आहे, दलालाला माहीत आहे, शेजारच्या काकूंना तर नक्कीच माहीत आहे. ती मैत्रीण त्याच इमारतीत राहत असेल, तर मला वाटतं तुमच्या हातात फार दिवस नाहीत.

सांगताना लांबण लावू नका. ‘आपण इथे कायमचे आलोय. वर्षभर म्हटलं ते खरं नव्हतं. तू रडत होतीस म्हणून मी तसं बोलले. डोंबिवलीचं घर आपण विकतोय.’ एवढंच. त्याला लगेच ‘पण बघ, इथे तुला स्वतंत्र खोली आहे’ असं शेपूट जोडू नका. बडोद्याचे रुंद रस्ते, मोठं घर, सयाजीबाग, हे सगळं छानच आहे, मी तर इथलीच आहे. पण त्या क्षणी तिला यातून एवढंच ऐकू येईल की तिचं जे गेलं ते तुमच्या लेखी काही फार नव्हतं. ती चिडेल. तुम्ही खोटं बोललात म्हणेल. ‘हो, बोलले’ म्हणा आणि गप्प बसा. पुढचे काही दिवस आतापेक्षा वाईट जातील. तुम्हाला वाटेल, उगाच सांगितलं. तसं काही नाही. आतापर्यंत ती वाट बघत होती, आता तिला दुःख होईल. आणि दुःखातून माणूस पुढे सरकतो.

आता दिवाळी. बरेच जण सांगतील, इतक्यात जुन्या घरी नेऊ नका, जखम ओली आहे. मला हे पटत नाही. न्या. गुजरातेत शाळांना दिवाळीची सुट्टी चांगली लांब असते, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जायचं हे डोंबिवलीच्या मुलांना सांगावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी करा. येतानाचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा आणि तिला दाखवा. परतीची तारीख तिच्या डोळ्यांसमोर असू दे, म्हणजे ‘आणखी दोनच दिवस’ची ओढाताण होणार नाही. आणि घराचा ताबा सुटण्याआधी तिला तिथे तिच्या मनासारखा एक दिवस द्या. फोटो काढू दे, मैत्रिणींना बोलावू दे, दारावर उंचीच्या खुणा केल्या असतील तर त्या कागदावर उतरवून घेऊ दे. तिथून काय आणायचं हे तिने ठरवायचं, मग ती बाल्कनीतली मोडकी कुंडी का असेना. ‘ही कशाला गं, इथे नवी घेऊ’ हे वाक्य त्या दिवशी कुणीही उच्चारायचं नाही. सासूबाईंनीही नाही.

व्हिडिओ कॉल बंद करायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. नव्या शाळेत दिवसभर कुणी आपलं नसताना संध्याकाळी एक ओळखीचा चेहरा दिसतो, तो तिचा आधार आहे. जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा पाळल्या जाताहेत ना, एवढं बघा. इथे कुणी भेटलं की कॉल आपोआप आखूड होतात. सासूबाईंचं ‘आपोआप’ तेवढ्यापुरतं खरं आहे.

गुजरातीचं मात्र आपोआप होणार नाही. 2023 च्या कायद्याने इथल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही बोर्डाच्या असोत, पहिली ते आठवी गुजराती शिकवावं लागतं. म्हणजे तिच्या वर्गातली मुलं पाच वर्षं पुढे आहेत आणि आपली पहिल्या नंबरात येणारी मुलगी (येत असावी, असं तुमच्या पत्रावरून वाटतं) रोज एका तासाला ढ ठरते. अकराव्या वर्षी हे फार झोंबतं. ‘कशाला शिकायचंय’ या प्रश्नात थोडी लाजही असेल. वर्गशिक्षिकेला भेटा, सवलत कोणती मिळते ते विचारा, निदान सुरुवातीला तिला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका एवढं सांगा. मोठ्या क्लासला घालू नका. सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीला रोज अर्धा तास बसवा. मराठी मुलांना ही लिपी जड जात नाही. वरची रेघ नसते. ग, न, प, म ही अक्षरं पाहताक्षणी ओळखू येतात. क, ख, ज, ब शिकावी लागतात. बाकीचा सराव रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्यांवर होतो. धाकट्यालाही सोबत बसवा. तो तिच्या आधी वाचायला लागला तर ती चवताळून शिकेल, हा माझा अंदाज.

इथले म्हातारे लोक तिला एक गोष्ट सांगतील, तयार राहा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 साली बडोद्याला दत्तक आला आणि सयाजीराव महाराज झाला, मग तू का रडतेस, वगैरे. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ही गोष्ट बाहेरून आलेल्या प्रत्येक पोराला ऐकवतात. महाराज थोरच, पण त्या मुलाला इथे येऊन राज्य मिळालं. तुमच्या मुलीला मिळालाय गोत्रीचा फ्लॅट आणि गुजरातीचा तास. त्या गोष्टीचा उपयोग नाही. त्याच महाराजांनी 1910 साली सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आहे. मांडवीजवळ आहे, अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून त्यांनी ते उभं केलं, आणि आत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. मराठी पुस्तकंही आहेत. वाचणाऱ्या मुलीला एका शनिवारी तिथे न्या, तिच्या नावाचं कार्ड काढता येईल का ते विचारा, आणि ‘बघ, आवडलं ना?’ असं न विचारता घरी आणा. तिची स्वतःची पुस्तकं खोक्यात राहिली तरी चालतील. खोकी तिची आहेत. तुम्ही हात लावू नका, ‘आता तरी उघड’ म्हणून आठवणही करू नका.

नवरात्राचं म्हणाल तर मोठ्या मैदानांवरच्या गरब्याला पहिल्या वर्षी नेऊ नका. तिथे सगळे महिनाभर सराव करून आलेले असतात, नवखी मुलगी कडेलाच उभी राहते. सोसायटीतल्या गरब्याला मात्र कुणी विचारत नाही की येतं का. दोन टाळ्या, तीन टाळ्या, फिरत राहायचं. तुम्ही स्वतः गोलात उतरा. पावलं चुकली तर चुकू द्या. ती आली तर आली, बाल्कनीतून बघत बसली तरी हरकत नाही. तुमचंही मन लागत नाही हे तुम्ही लिहिलंय. ते मुलीपासून लपवू नका. ‘मलाही शेजारच्या काकूंची आठवण येते’ एवढं तिच्यासमोर बोललात तर ती घरात एकटी पडणार नाही. तिच्या खांद्यावर रडू नका, इतकंच.

मुलाचं. घर बदलल्यावर या वयाची मुलं सुटलेल्या सवयींकडे परत जातात, हे नेहमीचं आहे. रागावू नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका, ‘एवढा मोठा झालास तरी’ वगैरे टोमणेही नकोत. गादीवर रबरी चादर घाला, झोपण्याआधी लघवीला न्या, आणि डोंबिवलीत ज्या क्रमाने त्याला झोपवत होतात, दूध, गोष्ट, दिवा, तोच क्रम इथे ठेवा. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. सुटलेली सवय महिनोन्‌महिने कोरडं राहिल्यावर परत येते तेव्हा लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठसुद्धा कारण असू शकतं. लघवीला जळजळ होत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा एकाएकी तहान फार वाढली असेल, तर उद्याच जा. तहान वाढणं मधुमेहाचं लक्षण असू शकतं, आणि तो लहान मुलांनाही होतो.

बहिणीला नाही म्हणा. तिचा हेतू चांगला आहे, पण आत्ता मुलीला पाठवलंत तर आई, बाबा आणि भाऊ एका गावात आणि आपण पाहुणे म्हणून दुसऱ्या गावात, असं तिच्या वाट्याला येईल. आणि तिकडची मैत्रीण कायम तशीच राहील याची कुणी हमी दिलीय? ‘बघू पुढच्या वर्षी’ असंही म्हणू नका, तुमच्या घरात ते वाक्य आता चालणार नाही. मुलीला स्पष्ट सांगा, ‘मावशीने विचारलं होतं, आम्ही नाही म्हटलं, कारण तू आम्हाला इथे हवी आहेस.’

आणि हे सगळं तुम्ही एकट्याने सांगू नका. तुमच्या पत्रात यजमान बदलीपुरते आले आणि नंतर कुठे दिसलेच नाहीत. बदली त्यांची, घर विकायचा निर्णय दोघांचा, आणि समजूत काढायचं काम तेवढं तुमचं, हे काही बरोबर नाही. येत्या रविवारी सकाळी, नाश्त्यानंतर, टीव्ही आणि फोन बंद करून त्यांनी स्वतः मुलीला सांगावं की आपण इथे कायमचे आलोय. ‘वर्षभर’वाला भाग तेवढा तुम्ही बोला, तो तुमचा आहे. दुपारपर्यंत ती खोलीबाहेर आली नाही तर जेवणाचं ताट दाराशी ठेवायला यजमानांनाच पाठवा.