आसान्या यांच्यावर लिहिण्याआधी

सप्रेम नमस्कार,

मान्वेल आसान्या यांचं चरित्र लिहायला घेतलंस, फार बरं वाटलं. स्पेनच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान, पुढे राष्ट्राध्यक्ष, एवढी ओळख कुठेही मिळते. पण सत्तेत येण्याआधीच, १९२६ साली, हुआन वालेरा या कादंबरीकाराच्या चरित्रासाठी त्यांना राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला होता. त्यांच्यातला हा लेखक शेवटपर्यंत हातातून सुटू देऊ नकोस.

सगळ्यात जपून वापरायच्या त्या त्यांच्या दैनंदिन्या. १९३२-३३ मधल्या तीन वह्या यादवी युद्धात जिनिव्हातल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासातून चोरीला गेल्या आणि प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या गोटात पोचल्या. तिथून निवडक उतारे छापले गेले, तेही बदनामीसाठीच. मूळ वह्या १९९६ मध्ये फ्रँको कुटुंबाकडून परत आल्या आणि १९९७ मध्ये पूर्ण छापल्या गेल्या. मेक्सिकोत निघालेली समग्र साहित्याची आवृत्ती १९६६-६८ ची, तेव्हा या वह्यांसाठी तिच्यावर विसंबू नकोस. कासास व्हिएखास या गावात सरकारी पोलिसांनी जानेवारी १९३३ मध्ये केलेलं हत्याकांड याच काळातलं. त्या प्रकरणाने त्यांचं सरकार खिळखिळं झालं, म्हणून तिथे जुने उतारे अजिबात चालणार नाहीत. प्रत्येक अवतरणापुढे दोन तारखा लिहीत जा: कधी लिहिलं, कधी छापलं.

‘स्पेन आता कॅथलिक राहिलेला नाही’ हे वाक्य सुटं उचलू नकोस. १३ ऑक्टोबर १९३१ चं संसदेतलं भाषण सबंध वाच. देशात लाखो श्रद्धाळू आहेत हे ते त्यातच मान्य करतात. सगळे धार्मिक संघ बरखास्त करण्याची मागणी जोरात असताना या भाषणाने तो घाव जेझुइट या एका संघापुरता राहिला. इतर संघांना शिकवण्याची बंदी मात्र आली, आणि तिचं समर्थनही त्यांनीच केलं. दोन्ही बाजू लिही. दुसऱ्याच दिवशी ते पंतप्रधान झाले.

१८ जुलै १९३८ च्या बार्सिलोनातल्या भाषणाचा शेवट ‘शांतता, दया आणि क्षमा’ असा आहे. ते उद्धृत करताना युद्ध थांबवणं राष्ट्राध्यक्षाच्या हाती उरलं नव्हतं, हेही सांग.

‘बेनिकार्लोचा संवाद’ हे त्यांचं यादवी युद्धावरचं संवादरूप पुस्तक १९३७ मध्ये लिहिलेलं, छापलं गेलं १९३९ मध्ये. त्यातल्या माजी मंत्री गार्सेसलाच लोक आसान्या समजतात, आणि तिथेच फसतात. लेखक मोरालेसच्या तोंडीही त्यांचेच विचार आहेत. मंत्री आणि लेखक त्यांनी दोन पात्रांत वाटून दिले आहेत. त्या दोघांची वाक्यं आधी वेगवेगळ्या शाईत उतरवून काढ, मग पहिलं प्रकरण पाठव.