मार्चमधल्या उन्हाने देशाची गहू निर्यात थांबू शकते का?

थांबू शकते काय, थांबलीच होती! मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वात उष्ण मार्च. पंजाब-हरियाणात तेव्हा गहू नेमका दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. अशा वेळी पारा चढला की पीक वेळेआधीच पिकतं. ओंबी तळहातावर चोळली तर सुरकुतलेले बारीक दाणे निघतात. उतारा घटला. त्यात युक्रेन युद्धाने जगभर भाव भडकलेले, व्यापारी जास्त भाव देत असल्याने सरकारी खरेदीही आटली. मग १३ मे रोजी केंद्राने काही अपवाद सोडून निर्यात बंद केली. माझ्या मते उन्हाइतकाच हात युद्धाचाही होता.

आमच्या निफाडकडे मात्र काढणीच्या तोंडावरची अवकाळी जास्त नडते. उभा गहू आडवा, दाणा काळपट, आणि बाजार समितीत भाव पाडून मागतात.