अंगात येणं, ट्रान्स यातून खरंच कला सुचते का?

तुमचा प्रश्न असा आहे की अंगात येणं, तंद्री लागणं, ट्रान्समध्ये जाणं अशा अवस्थेतून खरंच नवीन कला निर्माण होते का, आणि तुम्ही चित्रकलेचे विद्यार्थी आहात, तुमचे मित्र म्हणतात की भांग-गांजा घेतल्याशिवाय ओरिजिनल काही सुचतच नाही, तर त्यात कितपत तथ्य आहे. मी चित्रकार नाही, नागपुरात भजनांना आणि नाटकांना ढोलक वाजवतो, पण अंगात येणं लहानपणापासून अगदी हातभर अंतरावरून बघत आलोय आणि या विषयावर मिळेल ते वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. संबंध आहे, आणि फार जुना आहे. पण ज्याच्या अंगात येतं तो आणि जो कला घडवतो तो, ही बहुतेक ठिकाणी दोन वेगळी माणसं असतात, आणि त्यांच्यामधलं नातं समजून घेतलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

आमच्याकडे नवरात्रात घटापुढे रात्री देवीचे जस, म्हणजे देवीची गाणी, म्हणतात, नागपुरात राहत असाल तर ऐकलेच असतील. जस रंगात आला की एखादी बाई घुमायला लागते. माझा मामा ढोलकवर असायचा आणि मी त्याच्या बाजूला झांजेवर. बाकी सगळे त्या बाईच्या तोंडाकडे बघायचे, मोकळे केस, फिरणारी मान वगैरे, पण मामा तिच्या पायाकडे बघायचा. पायाचा अंगठा जमिनीवर आपटायला लागला की त्याला समजायचं. मग तो लगेच लय वाढवायचा नाही, उलट तीच लय धरून थाप जड करायचा, मागच्या बाया एकच ओळ परत परत घ्यायच्या, आणि घुमणं नीट सुरू झालं की मगच लय चढायची. उतरवणं तर त्याहून अवघड, कारण एकदम थांबलं तर बाई आदळते, म्हणून थापा हळूहळू विरळ करत आणायच्या, मधेच कोणीतरी पाणी लावायचं, उदबत्तीचा अंगारा लावायचा, आणि तोवर हात चालूच. एकदा मलाच त्या आवाजात डोळे जड होऊन झांज आपोआप वाजतेय असं वाटायला लागलं, तर मामाने कोपर मारून म्हटलं, "पायाकडे पाह्य! तुले आली तं वाजवन कोन?"

पुढे कळलं की हे फक्त आमच्या मोहल्ल्यापुरतं नाही. जिल्बेर रूजे नावाच्या फ्रेंच संशोधकाने जगभरच्या असल्या विधींचा अभ्यास करून १९८० साली मांडलं की ढोलाच्या आवाजाने मेंदूवर आपोआप परिणाम होऊन ट्रान्स येतो हे खरं नाही, तसं असतं तर वाजवणारे सगळ्यात आधी पडले असते, पण वाजवणारे सहसा शुद्धीत असतात. ट्रान्स येतो तो त्या माणसाला त्या गाण्याचा, त्या देवाचा अर्थ लहानपणापासून माहीत असतो म्हणून. हे वाचलं तेव्हा मला मामाचं कोपर आठवलं.

आता चित्रांकडे येतो, कारण तुमचा विषय तो आहे. गुजरातमध्ये छोटा उदेपूरच्या भागात राठवा आदिवासी आहेत, त्यांची पिठोरा चित्रं तुम्ही पुस्तकात बघितली असतील, घराच्या भिंतीवर ओळीने घोडे. ही चित्रं शोभेची नसतात. घरात आजारपण, पीक बुडणं असं काही झालं की बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या भगताकडे जातात, तो 'बाबा पिठोरा' या देवाचा नवस सांगतो, आणि नवस फेडायचा म्हणजे भिंतीवर पिठोरा लिहून घ्यायचा. हो, काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात, आणि ते करणाऱ्याला लखारा. मुली भिंत सारवून पांढऱ्या मातीने तयार करतात, रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात, लखारे चित्र पूर्ण करतात. मग बडवा येतो. त्याच्या अंगात देव येतो आणि त्या अवस्थेत तो भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो, हा अमका देव, हा तमक्याचा घोडा, आणि काही राहिलं असेल किंवा चुकलं असेल तर सांगतो आणि लखाऱ्याला ते दुरुस्त करावं लागतं. म्हणजे ट्रान्स इथे कुठे आहे बघा. सुरुवातीला नवस सांगताना आहे आणि शेवटी तपासताना आहे. मधे जे प्रत्यक्ष ब्रश चालवणं आहे ते शुद्धीतल्या, शिकलेल्या माणसाचं काम आहे. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण तिच्यात चित्रकाराला देवापेक्षा कमी लेखलेलं नाही, फक्त त्याचं काम वेगळं ठेवलंय.

ओडिशातल्या सवरा लोकांचंही जवळपास तसंच. आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांनी तिथे राहून लिहून ठेवलंय की चित्र कोणासाठी आणि काय काढायचं हे स्वप्नातून किंवा अंगात आलेल्या पुजाऱ्याकडून कळतं, भिंतीवर काढतो वेगळा माणूस, आणि मग त्या मृतात्म्याला बोलावून चित्र दाखवतात, त्याला पसंत नसेल तर भर घालतात.

आपल्या भागाचं उदाहरण म्हणजे गोंडांचे प्रधान. हे गोंडांचे परंपरेने गायक, तिकडे मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे बाना नावाचं तारवाद्य गजाने वाजवून बडादेवाला जागं करणारे. देव येतो तो ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी अंगात, प्रधानाने मात्र रात्रभर गाणं चुकू न देता न्यायचं असतं. त्यांची पाठांतराची ताकद किती असेल याचा पुरावा आपल्या नागपुरातच आहे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या कथांमधल्या मूळपुरुषाचं, अख्खं लांबलचक गाणं उतरवून घेतलं होतं, आणि हिस्लॉप वारल्यावर १८६६ साली इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ते छापलं. पुढे याच प्रधानांमधला पाटनगढचा एक मुलगा, जनगढ सिंह श्याम, चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला, आणि जे देव तोवर फक्त गाण्यात होते ते त्याने कागदावर काढले. १९८९ पर्यंत त्याचं काम पॅरिसच्या प्रदर्शनात होतं. लोक त्याच्याकडे बघून म्हणतात, बघा, आदिवासी मनाची उत्स्फूर्त कल्पना! अरे बाबा, त्याच्यामागे किती पिढ्यांचं गाणं आहे ते तर बघा. मला या 'उत्स्फूर्त'चा खरंच राग येतो, त्यात त्या लोकांची सगळी मेहनत पुसली जाते.

आता मेंदूत काय होतं ते. मानसशास्त्रज्ञ हाइनरिख क्लूव्हर यांनी १९२०च्या दशकात मेस्कलिन हे भास निर्माण करणारं द्रव्य घेतल्यावर डोळ्यांपुढे काय दिसतं याच्या नोंदी केल्या तेव्हा लक्षात आलं की माणूस कोणीही असो, सुरुवातीला ठराविक आकारच दिसतात, जाळी, कोळ्याचं जाळं, बोगदा, चक्राकार वळणं. हे आपल्या दृष्टीच्या यंत्रणेतूनच येतं. म्हणजे तुमच्या मित्रांना नशेत जे 'ओरिजिनल' दिसतंय ते जगात कोणालाही दिसतं! दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांच्या गुहाचित्रांबद्दल डेव्हिड लुईस-विल्यम्स या अभ्यासकाने मांडलं की त्यात ट्रान्स नाचातले अनुभव आहेत, इलँड हरणाची मान खाली गेलेली, माणसाच्या नाकातून रक्त वाहतंय वगैरे. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पण लुईस-विल्यम्स यांचंही म्हणणं असंच आहे की चित्रं नंतर, शुद्धीवर आल्यावर, आठवून काढली असणार. कारण इतकी बारीक रेघ थरथरत्या हाताने येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मग ट्रान्सने मिळतं तरी काय? माझ्या मते दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे 'मी' थोडा बाजूला होतो. २००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी सहा जॅझ पियानोवादकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला लावला, तर पाठ केलेलं वाजवण्यापेक्षा मनाने रचत वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला स्वतःवर लक्ष ठेवणारा, चुका धरणारा भाग शांत झालेला दिसला. ते सगळे प्रोफेशनल होते हे विसरू नका, शिकाऊ माणसाचा तो भाग शांत केला तर त्याच्या फक्त चुका वाढतील. मलाही कधीकधी जसमध्ये असा तुकडा हातातून निघतो जो मी आधी कधी वाजवला नव्हता, पण तो निघतो तोच मुळी हजारदा वाजवलेल्या बोलांमधून.

दुसरी गोष्ट म्हणजे परवानगी. जी बाई घरात तोंड उघडत नाही ती अंगात आल्यावर सासऱ्याला नाव घेऊन खडसावते आणि सगळे हात जोडून ऐकतात. तुकोबांनी सांगितलंय की स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला लावलं. ज्या समाजात त्यांनी लिहिणंच लोकांना खुपत होतं तिथे हा आदेश केवढा मोठा आधार असेल! पण तेच तुकोबा स्वतःची हकिगत सांगणाऱ्या अभंगात आधी काय सांगतात, तर संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात पुढे गाणाऱ्यांचं ध्रुपद धरलं, आणि स्फूर्तीची गोष्ट त्यानंतर येते.

विधी सोडून नुसता ट्रान्स उचलला तर काय होतं याचंही उदाहरण आहे. १९२२ साली पॅरिसमध्ये कवी आंद्रे ब्रेतों आणि त्यांच्या मंडळींनी झोपेसारख्या अवस्थेत जाऊन बोलायचे, लिहायचे प्रयोग केले. त्यांच्यातला कवी रोबेर देस्नोस त्यात इतका खोल जायचा की एकदा तो चाकू घेऊन एका मित्राच्या मागे धावला, आणि ब्रेतोंनी ते प्रयोग बंद केले. तिथे लय धरणारं, उतरवणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे त्या बाईला धरायला चार जणी असतात, लहान पोरांना मागे घेतात, समई बाजूला सरकवतात, सगळं न बोलता.

म्हणून भांग-गांजाबद्दल माझं स्पष्ट मत, घेऊ नका. गांजा बेकायदेशीर आहे हे तर आहेच, आणि तरुण वयात त्याने काहींना कायमचा मानसिक त्रास सुरू होतो, ज्यांच्या घरात आधीच तसा आजार आहे त्यांना तर जास्त धोका. तसंच अंगात येतं म्हणून कोणी भीती घालून पैसे काढत असेल किंवा आजारी माणसाचा इलाज थांबवत असेल तर त्याला कलेच्या नावाखाली पाठीशी घालू नका, त्यासाठी आपल्या राज्यात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

तुम्हाला करायचंच असेल तर येत्या नवरात्रात जसला जा, विचारून वाजवणाऱ्याच्या बाजूला बसा, मोबाईल काढू नका आणि तिथे स्केचही करू नका, घरच्यांना ते आवडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवून काढा. चेहरे नका काढू, पाय काढा, हात काढा, धरणाऱ्या बायांचे हात विशेष बघा. पहिली वीस-पंचवीस चित्रं बेकारच येतील, ती फाडू नका. आणि अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन आदिवासी दालनातल्या वस्तू निवांत बघा, तिकीट काढून दोन तास द्या. काढलेलं इथे टाकलंत तर बघायला मला आवडेल, पायाची लय बरोबर आली की नाही एवढं मी नक्की सांगू शकेन.