ज्या कामाला तू कारकुनी म्हणतेस

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तुझ्या वाट्याला दीर्घिकांचे वर्णपट तपासण्याचं काम आलंय. एकेक फाइल उघडायची, उत्सर्जन रेषा, म्हणजे तप्त वायूच्या ठरावीक रंगांच्या उजळ रेषा, दिसतात का ते बघायचं आणि तक्त्यात भरायचं. वर्गातला मित्र कृष्णविवरांच्या समीकरणांवर काम करतोय आणि आपण मात्र कारकुनी करत बसलोय, असं तुला वाटतं. कॉलेजात दुर्बीण नाही, गाव आडबाजूला. प्रकल्प बदलून घेऊ का, असं तू विचारलंस.

बदलू नकोस. का, ते सांगायचं तर मला तुला आर्मेनियात न्यावं लागेल.

हा देश केवढा? आपले पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे मिळून त्याच्याहून मोठे भरतात. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. तिथे आरागात्स नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या दक्षिण उतारावर, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, ब्युराकान हे खेडं. १९४६ साली, महायुद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी तिथे वेधशाळा सुरू केली. तेव्हा आर्मेनिया सोव्हिएत संघात होता. अंबार्त्सुमियान लेनिनग्राडमध्ये शिकलेले, तिथेच नावारूपाला आलेले. वडील भाषेचे अभ्यासक. त्यांनी होमरचं 'इलियड' आर्मेनियनमध्ये आणलं होतं. मोठ्या शहरातली प्रतिष्ठा सोडून हा माणूस डोंगरावर आला, आणि पुढे १९६१ ते १९६४ या काळात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा अध्यक्ष झाला. लहान गावाचा मुद्दा मी इथेच संपवतो.

त्यांचं पहिलं मोठं काम नीट समजून घे, कारण त्यात यंत्र कमी आणि विचार जास्त आहे. आकाशात अतिशय तप्त, निळसर ताऱ्यांचे विरळ समूह दिसतात. बाकीचे लोक ते पाहतच होते. अंबार्त्सुमियानांनी प्रश्न केला, की एवढे विरळ समूह टिकतात कसे? आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाची ओढाताणच त्यांना पांगवून टाकील. म्हणजे ते अजून एकत्र दिसतात याचा अर्थ ते नुकतेच जन्मलेत. १९४७ साली त्यांनी या समूहांना 'तारकासंघ' म्हटलं आणि सांगितलं की तारे आजही जन्माला येताहेत, आणि एकेकटे नव्हे, तर गटागटाने. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, आड्रियान ब्लाव यांनी ययाती तारकासमूहातल्या अशा एका संघातल्या ताऱ्यांच्या गती मोजल्या. तारे खरोखरच एकमेकांपासून दूर जात होते. गती उलट मोजत गेल्यावर संघाचं वय निघालं साधारण तेरा लाख वर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात हे वय म्हणजे काहीच नाही.

आता दुसरी गोष्ट. १९५८ साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत त्यांनी आणखी धाडसी विधान केलं. दीर्घिकेचा गाभा म्हणजे फक्त ताऱ्यांची दाटी नव्हे, तिथे प्रचंड ऊर्जेच्या घडामोडी चालतात, पदार्थ बाहेर फेकला जातो, असं ते म्हणाले. त्या काळात हंस तारकासमूहातल्या तीव्र रेडिओ स्रोताचं कारण दोन दीर्घिकांची टक्कर असं मानलं जात होतं. अंबार्त्सुमियानांना ते पटत नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचं म्हणणं मनावर घेतलं. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पहिला क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा पण अतिदूरच्या दीर्घिकेचा प्रचंड तेजस्वी गाभा, ओळखला आणि गाभ्यांचा प्रश्न सगळ्यांच्याच टेबलावर आला.

इथे बेन्यामिन मार्कारियान येतात, आणि इथेच तुझं कामही येतं.

मार्कारियान ब्युराकान वेधशाळेतलेच. १९६३च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की काही दीर्घिकांचे गाभे त्यांच्या प्रकाराला शोभत नाहीत इतके निळे आहेत. असे गाभे शोधायचे कसे? वेधशाळेत एक मीटर व्यासाची श्मिट प्रकारची दुर्बीण होती (हा श्मिट वेगळा). तिचं वैशिष्ट्य असं, की ती आकाशाचा मोठा तुकडा, चार अंश बाय चार अंश, छायाचित्राच्या एका काचेवर टिपते. तिच्या तोंडावर पातळ लोलक (प्रिझम) बसवला की काचेवर ठिपके उमटत नाहीत. प्रत्येक तारा आणि दीर्घिका दीड-दोन मिलिमीटरच्या रेघेसारखी उमटते, आणि ती रेघ म्हणजे त्या वस्तूचा वर्णपट. एका काचेवर अशा हजारो रेघा. मग भिंगाखाली काच धरायची आणि एकेक रेघ डोळ्यांनी बघायची: हिचं अतिनील टोक नेहमीच्या दीर्घिकेपेक्षा ठळक आहे का? असेल तर यादीत घ्यायची, नसेल तर पुढे जायचं.

१९६५ ते १९८० अशी पंधरा वर्षं हे चाललं. जवळपास १७,००० चौरस अंश आकाश झालं. पहिली यादी १९६७ मध्ये आली, त्यात ७० दीर्घिका होत्या. लिपोवेत्स्की आणि स्तेपान्यान हे सहकारी पुढे जोडीला आले. पंधरा याद्या मिळून १,५०० वस्तू झाल्या. यात समीकरण एकही नाही. तुझ्या शब्दांत सांगायचं तर निव्वळ कारकुनी.

या याद्या हातात आल्याबरोबर क्रिमियापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मोठ्या दुर्बिणी त्या वस्तूंकडे वळल्या. दहातली एखादी, किंवा त्याहून थोड्या जास्त, सक्रिय गाभ्याच्या, म्हणजे गाभ्यात प्रचंड ऊर्जेच्या घडामोडी चालणाऱ्या, निघाल्या. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा दीर्घिका वर्णन केल्या होत्या, पण इतक्या वर्षांत हाताशी मोजक्याच होत्या. मार्कारियानांच्या याद्यांनी त्यांची रास घातली. आणि रास असली की वर्गीकरण करता येतं. ब्युराकानचे एदुआर्द खाचिक्यान आणि अमेरिकेचे डॅनियल वीडमन यांनी १९७४ मध्ये सायफर्ट दीर्घिकांचे दोन प्रकार पाडले, रुंद रेषांचा पहिला आणि अरुंद रेषांचा दुसरा. तुझ्या पाठ्यपुस्तकात हे प्रकार आहेत, तू ते परीक्षेत लिहिले असशील. दोन-चार नमुन्यांवर ते कुणाला पाडता आले नसते. यादीतल्या उरलेल्यांपैकी बहुतेक दीर्घिकांमध्ये जोमाने तारे जन्मत होते. त्यांच्यावरही एक अख्खी अभ्यासशाखा उभी राहिली.

यादीतला ४२१वा क्रमांक तर लक्षात ठेवच. सप्तर्षीच्या भागात, सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षांवर असलेली ही दीर्घिका. १९९२ मध्ये अॅरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीला तिच्याकडून येणारे टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण सापडले. आपल्या आकाशगंगेबाहेरून असे किरण आलेले प्रथमच दिसले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अबूच्या पहाडावरच्या 'टॅक्टिक' दुर्बिणीतून हीच दीर्घिका वर्षानुवर्षं न्याहाळली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी लडाखमधल्या हान्लेहून पाहिली. भिंगाखाली काच धरून बसलेल्या माणसाने ती यादीत घेतली, तेव्हा असल्या दुर्बिणींचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. अंबार्त्सुमियान निरीक्षणात बरोबर होते, कारणात चुकले. तारे आणि दीर्घिका अज्ञात, अतिघन अशा आद्य पदार्थाच्या फुटण्यातून जन्मतात असं त्यांचं मत होतं. तारे विरळ वायूच्या ढगांच्या आकुंचनातून बनतात आणि दीर्घिकांच्या गाभ्यात महाकाय कृष्णविवरं असतात, हे नंतर पुराव्यांनिशी पुढे आलं. तरीही ते आपल्या मताला धरून राहिले, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त काळ राहिले. (गाभ्यांपाशी पदार्थ नव्याने निर्माण होतो ही कल्पना वेगळ्या रूपात फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९९३ साली मांडलेल्या विश्वरचनेतही होती. तीही मुख्य प्रवाहाने स्वीकारली नाही.) पण मार्कारियानांच्या यादीला यातल्या कशाचाही धक्का लागला नाही. कारण यादीत शिरण्याची अट 'अतिघन पदार्थ असावा' ही नव्हती. 'अतिनील टोक ठळक दिसावं' एवढीच होती. प्रश्न सिद्धांतातून आला, पण अट डोळ्यांना दिसेल तेवढीच ठेवली. सिद्धांत पडला आणि यादी राहिली. २०११ मध्ये युनेस्कोने त्या काचांची 'जगाच्या स्मृती'च्या नोंदवहीत नोंद केली. त्याआधीच रोमच्या विद्यापीठाच्या सहकार्याने त्या संगणकावर आणल्या गेल्या होत्या.

म्हणून तुझी अट आजच कागदावर लिहून काढ. किती ठळक रेषेला तू 'आहे' म्हणणार? नॉइजच्या, म्हणजे नोंदीतल्या नुसत्या गोंगाटाच्या, किती पट? काम चालू असताना अट बदलावीशी वाटली तर बदल, पण मग मागचे सगळे वर्णपट पुन्हा तपास. वही दोन भागांत कर: एका बाजूला फक्त दिसलं ते, दुसऱ्या बाजूला तुला वाटलं ते. नाकारलेल्या वस्तूंची नोंदही ठेव, का नाकारली त्या कारणासकट. उद्या कुणी तुझ्या यादीतून टक्केवारी काढू पाहील, तेव्हा त्याला तुझ्या स्वीकारापेक्षा तुझ्या नकारांची गरज जास्त लागेल.

तू म्हणशील, ही जुन्या काळची गोष्ट झाली. मग अलीकडची घे. आर्देम पातापुत्यान बैरुतमधल्या आर्मेनियन कुटुंबात १९६७ साली जन्मले. लेबनॉनमध्ये यादवी चालू होती. १९८६ मध्ये ते अमेरिकेला गेले. सुरुवातीला पोटासाठी पिझ्झा पोचवले, तिथल्या एका आर्मेनियन वर्तमानपत्रासाठी राशिभविष्यही लिहिलं. स्पर्श झाला हे पेशीला कळतं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या प्रयोगशाळेत बर्त्राँ कॉस्त यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या ज्या बारीक काचनळीने टोचल्यावर विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडतात. मग संशयित जनुकांची यादी केली, ७२ जनुकांची. एकेक जनुक बंद करायचं, पेशी टोचायची, प्रवाह येतो का बघायचं. येत होताच. एकाहत्तर वेळा असं झालं. यादीतलं शेवटचं, बहात्तरावं जनुक बंद केलं तेव्हा प्रवाह थांबला. त्या प्रथिनाला 'पिझो-१' नाव मिळालं; त्याचं भावंड 'पिझो-२' तुझ्या बोटांना स्पर्श कळवतं, आणि डोळे मिटले तरी हात कुठे आहे तेही सांगतं. शोधनिबंध २०१० चा, नोबेल २०२१ चं. पन्नासाव्या जनुकाला ते कंटाळले असते तर? मला या प्रश्नाचा फार विचार करवत नाही.

आर्मेनियन वंशाचेच अणुभौतिकशास्त्रज्ञ युरी ओगानेस्यान यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांचं बालपण येरेवानमध्ये गेलं, पुढचं आयुष्य मॉस्कोजवळच्या दुब्ना इथे. कॅल्शियम-४८ हा समस्थानिक निसर्गातल्या कॅल्शियमच्या पाचशे भागांत एकही भरत नाही. तो वेगळा करून कॅलिफोर्नियमवर आदळायचा: २० प्रोटॉन अधिक ९८ प्रोटॉन. असे ११८व्या मूलद्रव्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणू मिळाले, आणि तेही मिलिसेकंदाच्या आत विघटन पावले. २०१६ मध्ये त्याला 'ओगानेसॉन' नाव मिळालं. हयात असताना मूलद्रव्याला नाव मिळालेले ते ग्लेन सीबोर्गनंतरचे दुसरेच. तिथेही दिवसचे दिवस डिटेक्टरच्या नोंदी चाळणं हेच काम होतं.

श्रेय कुणाला मिळेल, हेही तू ओझरतं विचारलंस. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आर्मेनियन वंशाचे रेमंड दमादियान यांनी १९७१ मध्ये दाखवलं की अर्बुदाच्या (ट्यूमरच्या) पेशींचा चुंबकीय अनुनाद निरोगी पेशींहून वेगळा असतो, आणि १९७७ मध्ये माणसाच्या शरीराचं पहिलं एमआरआय स्कॅनही केलं. २००३ चं नोबेल मात्र लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना गेलं. आज ज्या पद्धतीने प्रतिमा तयार होते ती त्यांची आहे, म्हणून. दमादियान यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्यांचं दुःख मला कळतं. पहिलं पाऊल त्यांचंच होतं. पण आपण नेमकं काय केलं आणि काय केलं नाही, हे शोधनिबंधातच स्वच्छ लिहिलेलं असावं. तुझ्या तक्त्याच्या पहिल्या पानावर वर्णपट कुणी तपासले ते लिही, आणि मार्गदर्शकांशी लेखकांच्या नावांचं बोलणं आत्ताच, काम सुरू असतानाच, मोकळेपणाने कर. नंतर ते अवघड होतं.

एक सूचना मात्र निक्षून. यादी करतेस म्हणून गणित सोडू नकोस. अंबार्त्सुमियानांनी १९२९ मध्ये, वयाच्या विशीत, कंप पावणाऱ्या तारेच्या वारंवारतांवरून तार कशी आहे ते ओळखण्याचा गणिती प्रश्न सोडवला होता. भौतिकशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात छापलेला तो निबंध बरीच वर्षं कुणाच्या नजरेत भरला नाही. आज उलट-समस्यांच्या, म्हणजे परिणामावरून कारण शोधण्याच्या, शाखेत त्याला आद्यस्थान आहे. युद्धकाळात प्रकाशाच्या विकिरणावर त्यांनी लावलेली युक्तीही अशीच: अतिजाड थरावर आणखी एक पातळ थर चढवला तरी परावर्तन बदलत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी समीकरणं मांडली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ती कल्पना पुढे नेली. विकिरणाचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाच.

पहिले दोनशे वर्णपट झाले की तक्ता मला पाठव. लिहिलेली अट सोबत हवी, आणि नाकारलेल्यांचा कागदही. ज्यांच्याबाबत तुझं मन दोन्हीकडे झुकत असेल अशा दीर्घिका वेगळ्या काढून ठेव. त्या आपण फोनवर एकेक करून पाहू.

तुझे,
सर