लाकूड कातायच्या घरगुती लेथच्या शाफ्टला नायलॉनचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) चालेल का, की गनमेटलचाच (एक प्रकारचं ब्राँझ) लावावा?

तुमचा शाफ्ट 20 मिमी, बुशची लांबी 25 मिमी, मोटर 1440 आरपीएमची आणि पुल्या दोन्हीकडे सारख्या. म्हणजे शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला दीड मीटरने घासणार. एवढ्या वेगाला नायलॉन नको.

अडचण उष्णतेची आहे. प्लास्टिक ती बाहेर जाऊ देत नाही. बुश आतून मऊ पडतो, फुगतो आणि शाफ्टला धरून बसतो. कोरड्या नायलॉनसाठी दाब (मेगापास्कल) गुणिले वेग (मीटर प्रतिसेकंद) हा आकडा साधारण 0.1 च्या आत ठेवतात. तुमच्या मापाला हिशेब केला तर एका बुशवर जेमतेम साडेतीन किलो भार चालेल. नुसता पट्टा ताणला तरी याहून जास्त ओढ येते! तेल मुरवलेल्या सिंटर्ड (पावडर दाबून-भाजून केलेल्या, सच्छिद्र) ब्राँझला हाच आकडा 1.7 च्या आसपास धरतात, म्हणजे पन्नास किलोच्या वर.

तेव्हा तयार सिंटर्ड बुश घ्या. त्याचा बोअर (आतलं भोक) पॉलिश पेपरने घासू नका, बारीक छिद्रं बुजतात. पेट्रोलमध्येही धुऊ नका, आतलं तेल निघून जातं. गनमेटल टर्नरकडून कातून घेणार असाल तर तेलाचं भोक आणि आत खाच हवीच, शिवाय तेल घालायची सवय हवी. शाफ्ट आणि बुशमधली ढिलाई 0.02 ते 0.04 मिमी पुरे. (खरं विचाराल तर मी इथे बुशच्या भानगडीत न पडता दोन यूसीपी 204, म्हणजे 20 मिमी शाफ्टची तयार ठोकळ्यातली बॉल-बेअरिंग, बसवली असती.)

प्लास्टिक टूल-रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) बिजागरीला, पट्टा ताणायच्या लिव्हरला लावा. तिथे वेग नाही, भुसा मात्र भरपूर, आणि तेल लावलं की भुसा चिकटतो. पण तिथेही नायलॉनपेक्षा डेलरिन (अ‍ॅसिटल जातीचं प्लास्टिक) बरं. नायलॉन हवेतला ओलावा पितं. कोकणातल्या पावसाळ्यात घट्ट बसवलेल्या बुशचा बोअर आवळला जातो. डेलरिनलाही 20 मिमीला 0.1 मिमी ढिलाई ठेवा, आणि बोअर बुश ठोकून बसवल्यावरच फायनल करा, कारण ठोकताना तो लहान होतो.

दुकानात दोन्ही रॉड पांढरेच दिसतात. एकाच मापाचे तुकडे वजन करून बघा: डेलरिन जवळजवळ सव्वापट जड भरतं.